वहीतला शेवटचा रकाना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. भाषण करण्याची मला सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही तालुक्याच्या कायदेमदत केंद्रात जाता ना, तिथे काय करता तेवढे सांगा." तेव्हा आज मी कायद्याविषयी थोडे आणि एका वहीविषयी जास्त बोलणार आहे.

कायद्याचे आधी सांगते. 1976 साली आपल्या राज्यघटनेत 39-अ हे कलम आले. पैशांअभावी कोणी न्यायाला मुकू नये, असा त्याचा आशय आहे. पुढे 1987 साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे स्त्रीला वकिलाची मदत फुकट मिळते, आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बंगल्यातली असो की झोपडीतली, ती स्त्री आहे एवढे पुरे. 2009 सालापासून आमच्यासारख्या वकील नसलेल्या माणसांनाही थोडे शिकवून स्वयंसेवक म्हणून घेतात. आम्ही कोर्टात उभ्या राहत नाही. आलेल्या बाईचे ऐकून घ्यायचे, अर्ज लिहून द्यायचा, योग्य दारापर्यंत तिला पोचवायचे, एवढेच आमचे काम.

आता वहीची गोष्ट. मी केंद्रात जाऊ लागले तेव्हा टेबलावर एक जाड वही होती. तिला पाच रकाने होते : अनुक्रमांक, तारीख, नाव, गाव आणि कामाचे स्वरूप. महिनाअखेर मी ओळी मोजायची आणि वर पाठवायच्या अहवालात लिहायची, की इतक्या स्त्रिया आल्या, इतकी शिबिरे झाली. आकडा मोठा आला की मला बरे वाटायचे. आपण घरी दुधाचा हिशेब ठेवतो तेव्हा नुसते किती लिटर आले एवढेच का लिहितो? नासले किती, पैसे दिले किती, बाकी किती, हेही मांडतो. इथे मात्र बाई आली, एवढ्यावरच माझा हिशेब संपत होता.

एके दिवशी एक विधवा बाई आली. नवऱ्याच्या पश्चात शेत दिरांच्या नावे लावण्याची नोंद घातली गेली होती, आणि त्या फेरफाराची नोटीस तिच्या हातात होती. मी तिला म्हटले, "लेखी हरकत द्या." तिने मान डोलावली. वहीत मी लिहिले, "शेतीचा वाद. सल्ला दिला." माझ्या दृष्टीने काम झाले.

चार महिन्यांनी ती पुन्हा आली. मी त्या दिवशी आजारी होते. दुसऱ्या बाईंनी वही उघडली, तर तिथे तेवढेच चार शब्द. नोटीस कोणती, तिला मिळाली कधी, मुदत कधी संपत होती, काही म्हणजे काही नाही. बिचारीला सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ते केव्हाच उलटले होते आणि नोंद मंजूर झाली होती. तिने हरकत का दिली नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "बाई, द्यायची कुणाकडे ते मला कळलं नाही. आणि पुन्हा विचारायला यायची लाज वाटली."

भगिनींनो, ते मला कळले तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या अहवालात ती "लाभ मिळालेल्या स्त्रियां"मध्ये मोजली गेली होती!

मंजूर नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण त्यालाही साठ दिवसांची मुदत. तीही गेली होती. म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागला. ती पहिल्यांदा आली त्या दिवसाची तारीख वहीत होती, तेवढीच काय ती कामी आली. फेरफाराच्या नोंदीने मालकी कायमची ठरत नाही, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. त्यामुळे तिचा हक्क बुडालेला नाही. पण जे काम एका कागदावर झाले असते, त्यासाठी ती आज तारखांना खेटे घालते आहे. प्रकरण अजून चालू आहे.

त्यानंतर आम्ही नवी वही आखली. कागद कोणता, तो हाती कधी आला, मुदत कधी संपते, कोणाकडे जायला सांगितले, पुन्हा कधी यायचे, असे रकाने घातले. आणि शेवटचा रकाना : "अखेर काय झाले?" दर सोमवारी दुसरे काही करण्याआधी वही वाचायची, आणि ज्यांची मुदत जवळ आली त्यांना निरोप धाडायचा. शेवटचा रकाना भरताना पहिल्यांदा फार जड जाई. "काही झाले नाही" असे आपल्याच हाताने लिहायला कोणाला आवडते? पण ते लिहू लागल्यावरच आम्हाला दिसू लागले, की अमुक गावांच्या बायका नेहमी मुदत उलटल्यावरच येतात. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांना बाजाराच्या दिवसाखेरीज तालुक्याला येताच येत नाही, आणि नेमके त्याच दिवशी आमचे केंद्र बंद! आता आम्ही बाजाराच्या दिवशी बसतो. तेच तेच प्रश्न येतात असे दिसले, तेव्हा एकेका विषयाचा एकपानी कागद सोप्या मराठीत लिहून ठेवला. आजीचे मेतकूट आजीबरोबरच गेले, असे अनेक घरांत झाले आहे. केंद्रातले शहाणपण एकीच्याच डोक्यात राहिले तर तसेच व्हायचे.

एक पथ्य मात्र कडक पाळतो. नावांची वही कुलपात राहते. वर जातो तो नुसता आकडा आणि निष्पत्ती. घरात मार खाणारी बाई आपल्याकडे येते ती विश्वासाने. तिची हकीकत उद्या पाणवठ्यावर पोचली, तर ती परत येणार नाही, आणि तिचे पाहून दुसऱ्या दहाजणीही येणार नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल लिहायचा असतो. त्यात केव्हा काय घडले हे विचारतात. आठवते तसे वेळच्या वेळी टिपून ठेवलेले असेल तर तो नीट भरता येतो.

म्हणून जाता जाता घरच्यांसाठी चार गोष्टी सांगते. कोणतीही नोटीस आली की ती मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा. पाकीट फेकू नका, त्यावर टपालाचा शिक्का असतो. अर्ज दिलात तर आपल्या प्रतीवर पोच घ्या, सही आणि शिक्क्यासह. वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही नको, मग कागद आणणारा सख्खा भाऊ का असेना. आणि काही सुचेनासे झाले, तर 15100 या क्रमांकावर फोन करा. विधी सेवेचा तो क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत.

मंडळाकडे माझे एकच मागणे आहे. आपल्यात हिशेबाला चोख आणि अक्षराने सुरेख अशा कितीतरी जणी आहेत. आठवड्यातले दोन तास द्या. कायदा यायला हवा असे नाही. शेवटचा रकाना रिकामा दिसला की "त्या बाईचे पुढे काय झाले हो?" असे विचारणारे कोणीतरी तिथे हवे आहे.