वेगळी लोंबी, वेगळें लेंकरूं



आपण पिढ्यान्‌पिढ्या मातीशीं नातें सांगणारे लोक. म्हणून निराळ्या रोपांकडे व निराळ्या लेंकरांकडे ज्यांनीं लक्ष पुरविलें, अशा तिघांचें आज स्मरण करावें असें मनांत आहे.

पहिले ग्रेगोर मेंडेल. १८२२ सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मून ते पुढें ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले. १८५० सालीं शिक्षकाच्या परीक्षेंत ते अनुत्तीर्ण झाले. पण पुढें मठाच्या बागेंत त्यांनीं वाटाण्याच्या उंच व ठेंगण्या जातींचा संकर केला. पहिल्या पिढींत सर्व वेल उंच निघाले. त्यांच्याच बियांपासून पुढल्या पिढींत मात्र उंच तीन तर ठेंगणा एक, असें प्रमाण आढळलें. ठेंगणेपण नाहींसें झालें नव्हतें. तें केवळ झांकलेलें होतें. १८५६ पासून सुमारें आठ वर्षें हजारों रोपें मोजून त्यांनीं हा नियम सिद्ध केला व १८६५ सालीं विद्वानांपुढें वाचला. कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८८४ सालीं ते निवर्तले. जगानें त्यांस ओळखलें तें १९०० सालीं.

दुसरे आपल्याच महाराष्ट्रांतील दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी. १९८३ सालीं धानाच्या शेतांत कांहीं लोंब्या त्यांस इतरांहून वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी त्या भाऱ्यांत बांधून मोकळा झाला असता. दादाजींनीं त्या वेगळ्या काढल्या, बीं जपलें, वर्षानुवर्षें निवडून पेरलें. त्यांतून निघालेल्या बारीक तांदुळास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हें नांव पडलें. तो परप्रांतांतही पसरला. दादाजींच्या पदरीं मात्र धन फारसें पडलें नाहीं. २०१८ सालीं ते वारले.

तिसरे फ्रेंच धर्मगुरु शार्ल-मिशेल द लेपे. अठराव्या शतकांत पॅरिस येथें दोन बहिऱ्या बहिणी त्यांच्या दृष्टीस पडल्या. बहिऱ्यास शिकवितां येत नाहीं, हा त्या काळचा सर्वसाधारण समज. धर्मज्ञानावांचून या मुलींचें कसें होणार, या तळमळीनें ते त्यांचे गुरु झाले; पण आधीं शिष्य झाले. बहिरे लोक आपसांत ज्या खुणांनीं बोलत, त्या ते शिकले आणि त्यांवर आपली शिक्षणपद्धति उभारली. १७८९ सालीं ते ख्रिस्तवासी झाले. शाळेचा भार पुढें राष्ट्रानें उचलला.

बंधुभगिनींनो, बियाण्याच्या बाबतींत आपण चोखंदळ. लेंकराच्या बाबतींत मात्र उतावीळ. एखादें मूल ऐकत नाहीं, अक्षरें उलटीं लिहितें, चौघांत मिसळत नाहीं, कीं ‘याच्या डोक्यांत शिरत नाहीं’ असा निकाल आपण देऊन टाकतों. पाहुणे आले कीं तें आंतल्या खोलींत बसतें. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मागल्या बांकावर. आणि त्याच्या पहिल्या कम्युनियनचा दिवस पुढें पुढें जातो. आईबापांस याची लाज वाटते. खरें तर ती आम्हां शेजाऱ्यांस वाटावी. अशा प्रत्येक मुलाच्या हातून मोठा शोध लागेल असें मुळींच नव्हे. न लागला तरी तें देवाचें लेंकरूं आहे, इतकें पुरे.

महोत्सवाची आठवण म्हणून आपण कमान उभारूं, घंटा बसवूं, तें योग्यच. त्यासोबत धर्मशिक्षणाच्या वर्गास खुणा व चित्रें यांनीं शिकविणारा, वेळ देणारा एक शिक्षक आपण मिळवून देऊं या. पुढल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं आपल्या धर्मग्रामांतील एकही लेंकरूं या कारणास्तव घरीं राहूं नये, एवढीच माझी विनंति आहे. प्रभु आपणां सर्वांस तशी दृष्टि देवो.