पाण्याखालची सावली

महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावर सावित्री नदीवर इंग्रजी अमदानीतील एक दगडी पूल होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री नदीला आलेल्या महापुरात तो कोसळला आणि जयगडहून मुंबईस व राजापूरहून बोरिवलीस निघालेल्या दोन एसटी गाड्या उतारूंसह त्या काळोखात नाहीशा झाल्या. एक तवेरा मोटारही त्यांच्यामागोमाग गेली. उजाडल्यावर शोध सुरू झाला. नौदल आले, तटरक्षक दल आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. क्रेनला तीनशे किलो वजनाचे लोहचुंबक टांगून ते नदीत फिरविण्यात आले. काही मृतदेह वाहत वाहत थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन सापडले. गाड्यांचा मात्र मागमूस लागेना. अखेर 11 ऑगस्ट रोजी, म्हणजे नवव्या दिवशी, नौदलाच्या पाणबुड्यांना पहिल्या एसटीचा सांगाडा हाती लागला. तो पुलापासून सुमारे दोनशे मीटरांवर होता.

दोनशे मीटर म्हणजे धडधाकट माणसाला चालत तीन मिनिटांची वाट. तेवढे अंतर कापावयास नऊ दिवस लागले, यात पाणबुड्यांच्या हिमतीची उणीव काढता येणार नाही. पावसाळ्यात कोकणातील नदीचे पाणी तांबड्या गाऱ्यासारखे असते. त्यात उतरलेल्या माणसाला स्वतःच्या हाताची बोटे दिसत नाहीत. दिव्याचा झोत हातभर अंतरावर विरून जातो. तो केवळ चाचपडत पुढे सरकतो, आणि तेही प्रवाह त्याला सरकू देईल तर. काठावर जी माणसे बसलेली असतात त्यांचे दुःख आणखी निराळे. देह मिळाला नाही तर सुतक कोणत्या दिवसापासून धरावयाचे, दहावा-तेरावा कधी करावयाचा, इतकेच नव्हे तर कपाळावरचे कुंकू पुसावयाचे की ठेवावयाचे, हे प्रश्न त्यांच्यापुढे असतात. मरणाची बातमी कळते, पण मरण पदरात पडत नाही. बुडालेल्या वस्तूचा शोध हा म्हणूनच केवळ यंत्रविद्येचा विषय नव्हे.

पाण्यात डोळे हरतात तेथे कान जिंकतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पाण्यात तोच साधारण 1,500 मीटर जातो, आणि गढूळपणाची त्याला फारशी पर्वा नसते. या साध्या गोष्टीवर 'साइड स्कॅन सोनार' नावाचे यंत्र उभे आहे. सोनार म्हणजे ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकण्याचे साधन. होडीखाली लावलेला किंवा दोरीने मागे ओढलेला त्याचा लहानसा ठोकळा दोन्ही बाजूंना ध्वनीचे पातळ पंखे उघडतो. हे पंखे पुढे-मागे अगदी अरुंद आणि वर-खाली चांगले रुंद असतात. एका स्पंदाबरोबर तळाची एक बारीक पट्टी ऐकून होते. होडी थोडी पुढे सरकते, दुसरे स्पंद सुटते, दुसरी पट्टी मिळते. विणकराच्या मागावर एकेक धागा बसत जावा तशा या पट्ट्या पडद्यावर एकाखाली एक बसत जातात आणि पाहता पाहता तळाचे चित्र तयार होते. खडक, लोखंड यांचा प्रतिध्वनी ठणठणीत येतो, म्हणून ते उजळ दिसतात. मऊ चिखल आवाज गिळून टाकतो, म्हणून तो काळवंडलेला राहतो.

परंतु या चित्रातील खरी माहिती पुष्कळदा उजेडात नसते, सावलीत असते. तळावर उभी असलेली वस्तू आपल्यामागे ध्वनी पोचू देत नाही. तेथे चित्रात काळी पोकळी उमटते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बैलगाडीची सावली जशी लांबच लांब पडते, तसाच हा प्रकार. सावलीवरून झाडाची उंची काढण्याचे त्रिकोणाचे गणित शाळेत शिकविले जाते, येथेही तेच. समजा, यंत्र तळापासून पाच मीटर उंचीवर आहे, सावलीचे टोक त्यापासून वीस मीटरांवर आहे आणि सावली दहा मीटर लांब आहे. पाचास दहाने गुणून विसाने भागले की अडीच मीटर उंची निघते. कुशीवर कलंडलेल्या एसटीची उंची साधारण तेवढीच भरेल. एखादा धोंडा आणि एखादी मोटार यांचा उजळ ठिपका पुष्कळदा सारखाच दिसतो. चौकोनी कडा उघड करते ती सावली.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेच्या नौदलात पाण्यातील सुरुंग हुडकण्यासाठी त्यावर गुप्तपणे काम झाले. नागरी क्षेत्रात ते आणण्याचे मोठे श्रेय मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील हॅरॉल्ड एजर्टन यांच्याकडे जाते. उडत्या बंदुकीच्या गोळीचे छायाचित्र घेणारे म्हणून जगाला ठाऊक असलेले ते हेच प्राध्यापक. 1944 च्या वादळात बारा खलाशांसह बुडालेले 'व्हिनयार्ड' हे दीपजहाज 1963 मध्ये त्यांच्या यंत्राने तळाशी दाखविले. पुढे 1967 मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या 'मेरी रोझ' या 1545 साली बुडालेल्या युद्धनौकेच्या शोधातही त्यांच्या ध्वनियंत्रांचा उपयोग झाला. ती नौका 1982 मध्ये वर काढण्यात आली. ही यंत्रे त्या काळी सरकारे, तेलकंपन्या आणि मोठ्या संशोधन संस्था यांनाच परवडत.

ही मक्तेदारी मोडली ती मासे धरण्याच्या हौसेने, हा त्यातील गमतीचा भाग. 2005 मध्ये हमिनबर्ड या अमेरिकन कंपनीने गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांसाठी बाजूंचे चित्र दाखविणारे छोटे यंत्र बाजारात आणले. मासे कोणत्या बुंध्याच्या आडोशाला दडले आहेत एवढेच त्यांना पाहावयाचे होते! आज या जातीची साधी यंत्रे अमेरिकेत काहीशे डॉलरांना मिळतात. सर्वेक्षणाच्या व्यावसायिक यंत्रांची किंमत दहा हजार डॉलरांच्या कितीतरी पुढे जाते. स्वस्त यंत्र खोल समुद्राच्या उपयोगाचे नाही. त्याचे उंच पट्टीचे ध्वनी बारकावा दाखवितात, पण दूरवर पोचत नाहीत. तथापि नदी, खाडी, तलाव आणि धरणाचा जलाशय येथे दहा-वीस मीटरांच्या खोलीत ते उत्तम चालते, आणि आपल्याकडची बहुतेक माणसे बुडतात ती अशाच पाण्यात.

चिंताकीच्या परिसरातील वाचकाला कदाचित असे वाटेल की, समुद्र चारशे किलोमीटरांहून दूर असता या विषयाचे येथे काय काम? परंतु बीदर जिल्ह्यातून मांजरा वाहते, कारंजाचे धरण आहे, आणि कलबुर्गी जिल्ह्यातून भीमा जाते. गाणगापूरच्या संगमावर स्नानाला जाणाऱ्या मराठी भाविकांना ही भीमा परकी नाही. हीच भीमा वर सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या धरणात अडली आहे. तेथील जलाशयात 21 मे 2024 रोजी कळाशी व कुगाव यांच्यामधील होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. अशा ठिकाणी पोचणारी पहिली होडी नेहमी गावच्या कोळ्याची असते. यंत्र असावयाचे तर ते त्या होडीत असावे. राजधानीतील कोठारात नव्हे.

यंत्र चालविण्याची रीतही शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. रान नांगरताना तासाला तास लागून जावा लागतो. मध्ये पट्टा सुटला तर तेथे तण माजते. होडीही अशीच सरळ ओळींत, ताशी चार-पाच किलोमीटरांच्या संथ गतीने न्यावी लागते. यंत्राच्या अगदी खालची पट्टी चित्रात नीट उमटत नाही, म्हणून शेजारच्या ओळीने ती झाकून घ्यावयाची. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर दिसत असले आणि ओळींमधील अंतर चाळीस मीटर ठेवले, तर ताशी चार किलोमीटर वेगाने एका तासात सोळा हेक्टर, म्हणजे जवळजवळ चाळीस एकर पाणी तपासून होते. हाताने चाचपडणाऱ्या पाणबुड्याला तेवढ्या पाण्याला किती दिवस लागतील, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. पाणबुडा त्यानंतरही लागतोच. परंतु तो कोठे उतरावयाचे हे ठाऊक असून उतरतो, आणि त्याच्या जिवाचा धोका तेवढा घटतो.

या यंत्राची फाजील स्तुती करणेही बरे नव्हे. पुराच्या लोंढ्यात होडी सरळ ओळीत राहत नाही, पाण्यात बुडबुडे मिसळले की चित्र फाटते, आणि वस्तू वाळूखाली गाडली गेली तर बाजूला पाहणारा सोनार तिच्यावरून खुशाल निघून जातो. तेथे लोखंड ओळखणारे चुंबकमापक किंवा तळाच्या आत ध्वनी घालणारे निराळे यंत्र लागते. शिवाय सापडणे आणि हाती येणे यांत अंतर आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ शिरूर येथे 16 जुलै 2024 रोजी दरड कोसळून एक मालमोटार चालकासह गंगावळी नदीत गेली. सोनारने जुलैतच नदीच्या पोटात जागा सुचविल्या; पण ओढ एवढी प्रचंड की पाणबुड्यांना टिकाव धरता येईना. पुढे गोव्याहून गाळ उपसणारे जहाज आणावे लागले आणि 25 सप्टेंबरला ती मोटार व त्या चालकाचा देह बाहेर आला.

गोव्यातील अनुभव आणखी वेगळा आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची खडकाजवळ सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी असा नाना देशींचा माल तेथे उथळ पाण्यात विखुरला होता. लाकडाची नौका केव्हाच कुजून गेलेली. उरलेला माल खडकांच्या कपारींत अडकलेला. अशा ठिकाणी पडद्यावर सगळीकडे खडकच खडक दिसतात. तेथे डोळस पाणबुड्याला पर्याय नाही. आणि एक भीतीही आहे: जे यंत्र मृताला शोधते तेच भंगारवाल्याला जुन्या तोफेपर्यंत नेऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना 1972 च्या कायद्याने पुरावस्तू मानले आहे. पण पाण्याखाली पहारा कोण ठेवणार?

मुंबईच्या बंदरात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट 17 जुलै 1947 रोजी काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारी अमावास्येसाठी घरी निघालेली ती माणसे होती. कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांत त्या दिवसाचे नाव पुढे कित्येक वर्षे कोणी सहज घेतले नाही. त्या काळी कोणाच्या हाती असे साधन नव्हते. 2016 मध्ये जगात ते अकरा वर्षे बाजारात होते, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

यंत्र विकत घेणे सोपे. चित्र वाचणे कठीण. नवख्याला प्रत्येक ओंडका माणूस वाटतो आणि प्रत्येक कातळ मोटार. म्हणून गावच्या तलावात जुनी बाज, मोडका नांगर, लोखंडी पिंप अशा ओळखीच्या वस्तू बुडवून त्यांची चित्रे घ्यावीत, निरनिराळ्या अंतरांवरून त्यांची सावली कशी बदलते ते पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी शांत असते त्या हिवाळी दिवसांत पुलाखालचा आणि उतारावरचा तळ एकदा टिपून ठेवावा. धोंडे कोठे, डोह कोठे, बुडालेली झाडे कोठे, हे कागदावर असले म्हणजे श्रावणातल्या एखाद्या काळरात्रीनंतर काढलेले चित्र त्याच्याशेजारी ठेवता येते, आणि काल तेथे नसलेली सावली तेवढी पाहावयाची राहते.