घराचा नकाशा कोणाला दाखवायचा?



शिरूर आणि दौंड तालुक्यांत नवं घर बांधायला निघालेली कुटुंबं गावोगाव भेटतात. कुणाला उसाचं बिल हाती आलेलं असतं, कुणाची रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यातली नोकरी पक्की झालेली असते, कुणाच्या भावाभावांत वाटणी झालेली असते, तर कुणाचं जुनं माळवद गळायला लागलेलं असतं. इंजिनिअरकडून नकाशा येतो आणि तो कागद चार दिवस घरभर, भावकीभर फिरतो. ‘बघा, कसा वाटतो?’ असं विचारलं जातं. बघणारा म्हणतो, ‘छान आहे’, फार तर म्हणतो, ‘हॉल जरा मोठा घ्या’. आयुष्यभराच्या बचतीतून उभ्या राहणाऱ्या वास्तूची तपासणी एवढ्यावर संपते. नकाशा चार माणसांना दाखवावा, हे बरोबरच आहे. पण तो कोणाला दाखवायचा, कुठं दाखवायचा आणि त्या माणसाला काय विचारायचं, या तिन्ही गोष्टींत आपली गफलत होते. माझं म्हणणं असं, की नकाशा सगळ्यात आधी त्या घरात राबणाऱ्या माणसांना दाखवावा, तो जागेवर खऱ्या मापात दाखवावा, आणि त्यांचं मत विचारण्याऐवजी त्यांचा दिवस विचारावा.

जागेवर का, ते आधी बघू. मंजुरीसाठीचा नकाशा बहुधा शंभरास एक या प्रमाणात काढलेला असतो. म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर एक सेंटिमीटर होतो आणि पाऊण मीटरचं दार साडेसात मिलिमीटरचं. नकाशा वाचायची सवय नसलेल्या माणसाला त्यातून काय कळावं? राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहण्याच्या खोलीची किमान रुंदी 2.4 मीटर धरली आहे, म्हणजे जेमतेम आठ फूट. या रुंदीत सव्वासहा फूट लांबीचा पलंग आडवा टाकला तर पायथ्याशी पावणेदोन फूट उरतात. तिथून माणूस अंग चोरून जाईल, पण कपाटाचं दार पुरतं उघडणार नाही. जिन्याचंही तसंच आहे. याच संहितेनुसार घरातल्या जिन्याची पायरी 19 सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये आणि पाऊल ठेवायची जागा 25 सेंटिमीटरपेक्षा कमी असू नये. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर सोळा चढ आणि त्यांमधल्या पंधरा पायऱ्या लागतात, आणि जिना सरळ असेल तर त्याला पावणेचार मीटर लांबी हवी. कागदावर जिन्याला दहाच फूट ठेवले असतील, तर तो जिना खडा होणार आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा वरचा मजला सुटणार, हे तेव्हाच ओळखता येतं. ही साधी वजाबाकी आहे, पण ती करायला खोलीचं नाव सोडून खोलीचा वापर डोळ्यांपुढं आणावा लागतो.

वापरावरून घर वाचण्याचा एक मोठा दाखला शिरूर तालुक्यातच आहे. घोड नदीच्या काठी इनामगाव इथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या संशोधकांच्या कामातून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांचे तळ उजेडात आले. भिंती बहुतेक गेल्या होत्या, छपरं तर कधीच गेली होती. उरली होती ती जमीन, खांबांची भोकं, चुली आणि धान्याची पेवं. तेवढ्यावरून कोण कुठं रांधत होतं आणि कुठं साठवण करत होतं, याचा अंदाज बांधला गेला. पाच खोल्यांचं एक घर आणि त्याच्या शेजारचं धान्याचं कोठार पाहून ते गावप्रमुखाचं असावं, असं अनुमान निघालं. भिंती नसतानाही ते घर वाचता आलं, कारण चूल कुठं आणि धान्य कुठं हे दिसत होतं. आपल्या नव्या नकाशाची परीक्षा त्याच दोन प्रश्नांपासून सुरू व्हावी.

म्हणून पाया खोदायच्या आधी, चुन्याची फक्की टाकून सगळं घर जमिनीवर आखावं. आखणी तशीही होतेच, पण ती गवंड्यासाठी होते आणि लगेच जेसीबी येतो. ती त्याच्या बरीच आधी करावी. दारांच्या जागी विटा ठेवाव्यात, पलंग, ओटा, फ्रिज, तिजोरी यांच्या मापाचे चौकोन काढावेत, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याचा दिवस त्या रेघांमध्ये चालून दाखवायला सांगावं. पहाटे धारा काढायला कोण उठतं, ते कोणत्या दारानं गोठ्याकडं जातं, दुधाची किटली कुठं टेकवतं? रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी धरून आलेला माणूस चिखलाच्या पायांनी आत येतो की मागच्या दाराशी मोरी आहे? वस्तीवरच्या घराला मोरी-संडास कुठं, हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा आहे. या भागात उसात बिबट्या असतो. अशा ठिकाणी संडास अंगणाच्या टोकाला ठेवला तर रात्री बाईनं आणि लेकरांनी काय करायचं? रांजणगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा किंवा दौंडला रेल्वेत गाडीवर जाणारा माणूस दिवसा झोपतो. त्याची खोली टीव्हीच्या भिंतीला लागून असेल तर त्याच्या झोपेचं खोबरं ठरलेलंच. खोल्या कामगारांना भाड्यानं द्यायच्या असतील तर त्यांचा जिना घरच्या स्वयंपाकघरावरून जातो का, हे बाईमाणसालाच आधी दिसेल. आणि पश्चिमेची भिंत! एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा चाळिशीला टेकतो. दुपारनंतर तापलेल्या त्या भिंतीमागं आजारी आईची खाट ठेवायची की जिना, मोरी आणि भांडारघर, हे आखणीच्या वेळी ठरवायला एक रुपयाही लागत नाही.

राहणाऱ्यांना असं विचारलं नाही तर काय होतं, ते महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं रुंद, सरळ रस्त्यांवर ओळीनं उभी राहिली. भूकंपात टिकतील अशी घरं देणं हे मोठंच काम होतं आणि ते घाईत करणं भागच होतं. पण जुन्या गावात अंगणाभोवती भिंत होती, आडोसा होता, गुरांना जागा होती. नव्या घरांत ते फारसं नव्हतं. मग अनेक कुटुंबांनी आपापल्या पैशानं कुंपणभिंती घातल्या, पत्र्याची शेडं उभारली. जे आधी विचारता आलं असतं ते लोकांनी मागाहून विटा-पत्र्यांनी सांगितलं. स्वतःचं घर स्वतःच्या पैशानं बांधणाऱ्यावर तशी घाई कोसळलेली नसते.

यावर आक्षेप येतो तो असा, की दहा जणांना विचारलं की दहा मतं निघतात आणि घर राहतं बाजूला. हे खरं आहे, म्हणूनच मत विचारू नये. ‘स्वयंपाकघर आवडलं का?’ याला दहा उत्तरं असतात. ‘भाकरी थापताना उजेड कुठून येतो आणि धूर कुठं जातो?’ याला एकच उत्तर असतं, आणि ते भाकरी करणारीला ठाऊक असतं. बाहेरच्यांत विचारायचंच असेल तर त्याच इंजिनिअरनं तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या घरातल्या बाईंना विचारावं, की आता काय बदलाल? इंजिनिअरचा मान यात कुठंही कमी होत नाही. भीमेच्या आणि घोडच्या खोऱ्यात काळी जमीन आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया किती खोल, कॉलम कुठं, सळई किती, हे त्यानंच ठरवायचं. तिथं बैठकीत मतं घेणं धोक्याचं आहे. उलट कॉलम कुठं येणार हे आखणीत दिसलं, तर पलंग आणि दारं त्याप्रमाणं सरकवता येतात. वास्तुशास्त्राचंही तसंच. ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगावं. भिंती चढल्यावर कुणी पाहुणा येऊन दिशा काढतो, सोडलेलं दार बुजवलं जातं आणि नवीन पाडलं जातं. त्यात ना शास्त्र सांभाळलं जातं ना घर.

‘नकाशा मंजूर झालाय, म्हणजे तो बरोबरच आहे,’ असंही काहीजण म्हणतात. मंजुरी देणारं कार्यालय हद्दीपासून सोडायचं सामासिक अंतर, बांधकामाचं क्षेत्र, रस्त्याची रुंदी, उजेड-वाऱ्याची तरतूद बघतं. तुमची आई कुठं झोपणार, हे बघणं त्याचं काम नाही. दोन्ही तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत आहे, शिरूर आणि दौंड शहरांत नगरपरिषदा आहेत. मंजुरी कुठूनही घ्या, नंतर भिंती हलवल्या की सुधारित मंजुरीचा प्रश्न उभा राहतो, आणि बँकेचं कर्ज असेल तर तिथंही नवे कागद द्यावे लागतात. त्यामुळं फक्कीची आखणी मंजुरीला कागद देण्याआधी करावी. तिथं झालेले बदल नकाशाच्या एकाच प्रतीवर तारखेसह लिहावेत, आणि त्याच प्रतीच्या झेरॉक्स इंजिनिअर, गवंडी, प्लंबर आणि वायरमन यांच्या हातात द्याव्यात.