पोथीचे न वाचलेले पान



मी सातवी शिकलेली. भाचीच्या लग्नाआधी जे कळले, तेवढेच सांगते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन ए-टू ३.५ टक्क्यांहून जास्त निघाले, म्हणजे थॅलेसेमियाची वाहक असल्याची खूण. पण डीएनएच्या तपासणीत दोष सापडेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही पोथी दोन प्रतींत असते, आईकडची नि वडिलांकडची. वाचायला आरंभी एक बारीक तुकडा चिकटवतात. नेमके तेथेच अक्षर निराळे असले, तर तो चिकटत नाही. ती प्रत वाचायचीच राहते. निराळ्या जागी तुकडा लावला, तेव्हा दोष दिसला.

दोघेही वाहक असते, तर प्रत्येक खेपेस चारांत एक धोका मूल आजारी होण्याचा. मुलगा निर्दोष निघाला, लग्न झाले.

भगिनींनो, दोन तपासण्या जुळत नसतील, तर पुन्हा विचारायला संकोचू नका.