पोटातील पापुद्रा काय सांगतो?



खाटकाच्या दुकानात टांगलेले बकऱ्याचे फुप्फुस आपण नेहमी पाहतो. त्यावर एक पातळ, ओलसर, चकाकणारा पापुद्रा असतो. आपल्या शरीरातही तो तसाच आहे. फुप्फुसांभोवती फुप्फुसावरण, हृदयाभोवती हृदयावरण आणि पोटात पर्युदर अशी त्याची नावे. रचना मात्र एकच. प्रत्येकाचे दोन पदर : एक अवयवाला चिकटलेला, दुसरा पोकळीच्या भिंतीला आतून लागलेला. मध्ये थोडासा द्रव. फुप्फुसाभोवती तो जेमतेम १० ते २० मिलिलिटर असतो, पण तेवढ्यावर जन्मभर श्वास न घासता चालतो. पर्युदर पसरले तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढे भरेल! मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याच्या पोटात द्रव सोडून याच पापुद्र्यातून रक्त शुद्ध करता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. वेदनेच्या बाबतीत हे दोन पदर अगदी निराळे आहेत. आतड्यावरचा पदर कापला तरी दुखत नाही. ताण पडला तर दुखते, पण कुठे ते नीट सांगता येत नाही. भिंतीचा पदर मात्र नेमकी जागा दाखवतो. म्हणून अपेंडिक्सला सूज आली की बहुधा आधी बेंबीभोवती दुखते, मळमळते. घरात म्हणतात, बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल. काही तासांनी सूज भिंतीच्या पदराला भिडते आणि दुखणे उजवीकडे खाली सरकते. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ती जागा सांगितली : कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीच्या दिशेने दीड-दोन इंचांवर. मूल मग पाय पोटाशी घेऊन निपचित पडते. खोकलाही सोसवत नाही.

आणि नेमके याच वेळी आपल्याकडे एरंडेल पाजतात, पोट चोळतात. दोन्ही घातक. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते आणि पू साऱ्या पर्युदरावर पसरतो. फुटल्यावर कधीकधी थोडा वेळ दुखणे कमी होते. आईला वाटते, उतार पडला. तो उतार नव्हे.

अशा मुलाला जुलाब देऊ नका, पोटाला हात लावू देऊ नका, काही खायला न देता थेट इस्पितळात न्या. आधी कुठे दुखत होते, आता कुठे दुखते आणि किती वाजल्यापासून, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.