भाताचा जपानी मुटका

मंडळी, मुटका तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. मुठीत दाबून करायचा तो मुटका. जपानात असा मुटका भाताचा करतात. त्याला म्हणतात ओनिगिरी. त्यांच्या भाषेत ‘निगिरु’ म्हणजे मुठीत धरणे. बघा, मूठ इथेही आहे आणि तिथेही आहे!

तिकडे माणसे कामावर जाताना, पोरे शाळेत जाताना ही शिदोरी नेतात. तेल नाही, मसाला नाही. भात, मीठ आणि पोटात खारवलेले एक आंबट फळ. वरून समुद्रातल्या शेवाळाचा कागदासारखा पातळ पापड गुंडाळतात. १९९५ साली १७ जानेवारीला तिकडे कोबे शहरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. तेव्हा लोकांनी मुटके वळून भुकेल्यांना वाटले. ताट नको, चमचा नको.

आम्हांला या मुटक्याची गरज निराळ्या कारणाने पडली. आमची कारभारीण दवाखान्यात होती. एका हाताला सलाईन. दुसऱ्या हाताने भात कालवून खाणे तिला जमेना. आम्ही भरवू लागलो, तर तिला लाज वाटे. डॉक्टर म्हणाले, साधा भात चालेल. जपान पाहून आलेल्या एका स्नेह्याने आम्हांला ओनिगिरीची कृती सांगितली होती, ती आठवली. पण आम्ही जन्मात कधी भात शिजवला नव्हता!

पहिल्या दिवशी घरातला जुना तांदूळ घेतला. भात झाला मोकळा. वळायला गेलो, तर वाळूसारखा बोटांतून गळाला. आम्ही जोर केला. हात भाजला, मुटका काही होईना.

शेजारच्या वहिनी हसल्या. म्हणाल्या, “भावजी, जुना तांदूळ कसा चिकटेल? नवा आंबेमोहोर घ्या. आणि पेज काढू नका.”

खरेच की! जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो. आपल्याला मोकळा भात आवडतो, इथे चिकटच हवा.

दुसऱ्या दिवशी वाटीभर तांदूळ चांगला धुतला, अर्धा तास भिजवला. दीड वाटी पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवला. उतरवल्यावर दहा मिनिटे झाकण काढले नाही. मग हात पाण्यात बुडवले, तळव्याला मीठ चोळले. सोसेल इतका गरम भात घेतला. मधे लिंबाच्या लोणच्याची बारीकशी फोड ठेवली. तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवून तिकोनी मुटका वळला. फार दाबला तर धोंडा होतो. शेवाळ कुठले आणणार? तसाच नेला.

एक सांगून ठेवतो. रात्रीचा भात यासाठी घेऊ नका. उन्हाळ्यात तर मुळीच नको. भात तासन्‌तास उबेत राहिला की बिघडतो, आणि वास आला नाही तरी पोट बिघडवतो. मीठ-लोणच्याच्या भरवशावर राहू नये. आम्ही ताजाच वळायचो आणि लगेच न्यायचो.

कारभारणीने मोकळ्या हाताने मुटका उचलला. आमच्याकडे न बघता सगळा खाल्ला. मग म्हणाली, “अहो, मीठ जास्त झालं. उद्या जरा हात आखडा.”