पोट फुगतं तेव्हा

रविवारी सकाळी मिसळ खायची आणि दुपारभर पोटावर हात फिरवत बसायचं, हे नाशिककरांना नवं नाही. दोष जातो मटकीला. आज गोदाकाठच्या या पटांगणावर मला तिची बाजू मांडायची आहे.

मटकी, हरभरा, वाल यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर जगतात आणि वायू सुटतो. थोडा वायू होणं हा आजार नव्हे. आपल्या आज्या कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देत, मग फडक्यात बांधून मोड आणत. भिजताना यातल्या काही साखरा पाण्यात उतरतात. मोड येताना दाणा त्या स्वतःच वापरतो. म्हणून मोडाची मटकी पोटाला हलकी.

मग मिसळीने पोट का फुगतं? बऱ्याचदा कांद्याने. लासलगावच्या जिल्ह्यात हे बोलताना मला जड जातं. पण कांदा वाटणात असतो, वरून कच्चाही पडतो, आणि त्यातलं फ्रुक्टान अनेकांना सोसत नाही. तेच लसणात आहे, गव्हातही आहे, म्हणजे पावातही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पदार्थांचा 'फॉडमॅप' नावाचा गट केला. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेव्हा लसूण तेलात परतून काढून टाका, स्वाद राहतो. पातीच्या कांद्याची हिरवी पात बहुतेकांना चालते. संशय असलेला पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवा, मग थोडा थोडा खाऊन पाहा. जन्मभरासाठी काही सोडू नका.

दुधाने त्रास होणाऱ्यांना दही-ताक अनेकदा सोसतं. भराभर जेवताना हवाही गिळली जाते. ढेकर यावा म्हणून सोडा पिणं म्हणजे फुगलेल्या पोटात आणखी वायू ओतणं. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते पाहा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तुपातून घ्यायची आपली रीत मला आवडते. मात्र बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, गहू वर्ज्य असलेल्यांनी वेष्टन वाचावं.

आता जे सांगण्यासाठी मी आलो ते. माझ्या मावशीचं पोट सहा महिने फुगत होतं. दोन घासांत पोट भरायचं. घरातले आम्ही सगळे 'गॅस आहे' म्हणत ओव्याची फक्की देत राहिलो. तो अंडाशयाचा कर्करोग होता.

पन्नाशी गाठलेल्या बाईचं पोट महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस फुगत असेल, भूक मरत असेल किंवा लघवीला वारंवार जावं लागत असेल, तर सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. वजन घटणं, शौचातून रक्त, सततची उलटी, यांतलं काही असेल तर वय न पाहता डॉक्टरांकडे जा. घरी जाऊन आज आईला विचारा, बहिणीला विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.